पत्रिकेतली वेळ आणि ट्युनिशियाची फायनल

अन्याय मुनीरवर झाला. १४ फेब्रुवारी २००४, शनिवार, दुपारी जेवणाच्या पंगती आटोपल्यावर, एडिसनमधल्या एका बँक्वेट हॉलच्या स्वयंपाकघरात. पुऱ्यांची कढई अजून गरम होती. त्याला कामावरून काढलं हॉलच्या मालकाने, पण काढायचं कारण पुरवलं आपण. आपण म्हणजे आपलं इथलं मराठी मंडळ. त्या दिवशी संक्रांतीच्या स्नेहसंमेलनाला आलेली, तिळगूळ घेतलेली, पोटभर जेवून वाणाचे डबे घेऊन घरी गेलेली आपण सगळी माणसं.

मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, की तू ते फुटबॉलचं पत्रक काढायचीस ना, त्याबद्दल लिही, मजेशीर होईल. मजेशीर होतंच ते. आधी मजा सांगते. मग बाकीचं वाचायला तुम्ही थांबलात तर बरं.

मी नागपूरहून २००२ मध्ये समाजकार्याच्या मास्टर्ससाठी इथे न्यू जर्सीत आले. एडिसनला काका-काकूंकडे राहायचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास भरायला जर्सी सिटीतल्या एका कामगार केंद्रात जायचे. पुढे तिथेच नोकरीला लागले. काम काय, तर पत्रकं लिहायची, वाटायची, आणि ज्याने वाचून फोन केला त्याच्याबरोबर त्याच्या साहेबाकडे जायचं. ऐकायला फार थोर वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद ओढण्यात जातो आणि उरलेला निम्मा थंडीत हॉटेलांच्या मागच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं राहण्यात. कारण कामगार पुढच्या दाराने येत नाहीत.

पत्रक लिहिणं अवघड नसतं. समोरच्याने ते हातात घेणं अवघड असतं. आणि त्या काळात तर फारच. आदल्या हिवाळ्यात सरकारने काही देशांच्या पुरुषांना ऑफिसात येऊन बोटांचे ठसे, फोटो द्यायला सांगितलं होतं. ट्युनिशिया, मोरोक्को, अल्जीरिया, सगळे त्यात. जी माणसं निमूटपणे गेली त्यातली काही त्या दिवशी परत आली नाहीत. त्यानंतर त्या लोकांना अनोळखी माणसाने छापील कागद दिला की ते हात खिशात घालायचे. मी 'तुमचे हक्क' असं ठळक अक्षरात छापून उभी राहायचे, आणि तो मथळा बघूनच लोक रस्ता ओलांडायचे.

मुनीर मला भेटला तो २००३च्या गणपतीच्या आधी. माझी काकू, सुधाकाकू, मंडळाची सेक्रेटरी होती. हॉलवाल्यांकडे पदार्थांची चव बघायला ती मला घेऊन गेली. ती पुढे मॅनेजरशी बोलत होती तेव्हा मी मागे जाऊन पत्रकं वाटायला लागले. बटाटे सोलत बसलेल्या एका उंच माणसाने एक घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि मला परत दिलं. स्वयंपाकघरात राहून शिकलेलं हिंदी आणि मोडकं इंग्रजी यांच्या मिश्रणात तो म्हणाला, "मॅडम, ये कोई नहीं पढ़ेगा. इसमें स्कोर डालो."

कसला स्कोर, मी विचारलं. त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला आजही आठवतं.

तो ट्युनिशियातल्या स्फाक्स गावचा. ग्रीन कार्डाच्या लॉटरीत नाव निघालं म्हणून आलेला, त्यामुळे ठशांच्या रांगेत त्याला जावं लागलं नव्हतं. त्याच्या खोलीतले दोघं गेले होते. भांडी घासण्यापासून सुरुवात करून आता तो तळणाच्या कढईपर्यंत पोचला होता. ज्यांना बँक्वेट हॉल फक्त पुढून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, भांड्यांपासून कढईपर्यंतचा प्रवास फार लांबचा असतो. कढई हातात आली म्हणजे मालकाने तुम्हाला माणूस म्हणून मोजायला सुरुवात केली. मुनीरला त्याच्याही पुढे जायचं होतं. एक दिवस ते सगळं स्वयंपाकघर त्याला स्वतः चालवायचं होतं. दुसरं काही तो मागत नव्हता.

तर आमचं पत्रक असं सुरू झालं. दर रविवारी मुनीर ओक ट्री रोडवरच्या दुकानातलं फोनकार्ड वापरून स्फाक्सला भावाला फोन करायचा. भाऊ तिकडून त्या आठवड्याचे सामने सांगायचा आणि हा ऑर्डरच्या कागदांच्या पाठीवर अरबीत लिहून घ्यायचा. मी शेजारी इंग्रजी टाइप करायचे. अरबी मजकूर त्याच्याच हस्ताक्षरात तसाच ठेवायचो. पुढच्या बाजूला ट्युनिशियाच्या लीगचा हंगाम, मागच्या बाजूला हक्काची एकच गोष्ट. एका आठवड्यात ओव्हरटाइम. दुसऱ्या आठवड्यात, तुमचा पासपोर्ट साहेबाने ठेवून घेणं बेकायदा आहे, एवढंच. एका वेळी एकच. हे मी मुनीरकडून शिकले. तो म्हणायचा, एका मॅचमध्ये एकच बॉल असतो.

फुटबॉलमधलं मला काहीही कळत नव्हतं. आमच्या घरात क्रिकेट. पहिल्याच अंकात मी लिहिलं की काळे-पांढरे, म्हणजे त्याच्या गावचा संघ, 'दहा मिनिटं राखून' जिंकले. मला आपलं वाटलं, शेवटचा गोल ऐंशीव्या मिनिटाला, म्हणजे दहा राखून. मुनीरने तो कागद वाचला आणि फार गंभीरपणे विचारलं, की मग उरलेली दहा मिनिटं त्यांनी काय केलं? त्यानंतर कित्येक आठवडे स्वयंपाकघरात कोणी काम लवकर संपवलं की त्याला विचारायचे, किती मिनिटं राखून?

पण कागद घेतला जाऊ लागला. मागितला जाऊ लागला. न्यूअर्क विमानतळाच्या पार्किंगमध्ये काम करणारा इद्रिस नावाचा एक मोरोक्कन होता. तो ट्युनिशियावाल्यांवर दात खाऊन असायचा आणि तरी दर आठवड्याला आमची वाट बघायचा. एकदा म्हणाला, "ट्युनिशिया, ट्युनिशिया. मोरोक्को काय बंद पडलंय?" मग मोरोक्कोचा एक छोटा रकाना आला. तो आला तर इद्रिसची तक्रार, की फॉन्ट लहान आहे. असं करत करत एक दिवस त्याच इद्रिसने पत्रकाची मागची बाजू साहेबापुढे धरली आणि महिनोन्महिने न मिळालेली सुट्टी मिळवली. मला त्याने फोन करून सांगितलं ते असं: "मागच्या बाजूनेही गोल झाला."

लाल-पिवळ्यांचा संघ तिकडे राजधानीतला, श्रीमंत, दरवर्षी लीग जिंकणारा. मुनीर त्यांच्याबद्दल बोलताना तळणाचा झारा अशा रीतीने आपटायचा की समोसे दचकावेत. तो हंगाम मी असा ऐकला, कढईच्या बाजूला उभी राहून. आजही त्या शहरांची नावं ऐकली की मला आधी तेलाचा वास येतो.

जानेवारीत लीग थांबली, कारण आफ्रिकेतल्या सगळ्या देशांची स्पर्धा त्या वर्षी ट्युनिशियातच होती. आता देशाचा संघ. आमचा कागद आठवड्यातून दोनदा निघायला लागला. सेमीफायनल बुधवारी झाली, पेनल्टीपर्यंत गेली. मुनीरने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून तळण चालू ठेवलं होतं, आणि प्रत्येक पेनल्टी तो अख्ख्या स्वयंपाकघराला आधी अरबीत, मग हिंदीत सांगत होता. शेवटची आत गेली तेव्हा त्याने गॅस बंद केला, जमिनीवर बसला, आणि म्हणाला, आता पाच मिनिटं मला कोणी काही सांगू नका.

फायनल शनिवारी. ट्युनिशिया विरुद्ध मोरोक्को. आणि त्याच शनिवारी आपलं संक्रांतीचं स्नेहसंमेलन, कारण त्याआधी हॉल मिळाला नव्हता.

आता आपली एक पद्धत इथे मला उघडपणे लिहावी लागेल, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं आहे. आपल्या मंडळाच्या पत्रिकेत छापलेली वेळ खोटी असते. हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. कार्यक्रम दहाला असं छापायचं, म्हणजे लोक साडेअकराला येतात. अकराला छापलं तर साडेबाराला येतील. म्हणून कमिटी वेळ मागे ओढते, लोक ती पुढे ढकलतात, आणि दोघं मनात हिशेब करून बरोबर एका वेळी भेटतात. नवीन आलेला विद्यार्थी एखाद्या वेळी फसतो, रिकाम्या हॉलमध्ये एकटा खुर्चीवर बसतो, आणि पुढच्या वेळी शहाणा होतो. आपण यावर विनोद करतो. मी पण केलेत.

त्या दिवशीच्या पत्रिकेत जेवण बारा वाजता छापलं होतं. खरं जेवण दीडला. हे सुधाकाकूने स्वतः, आठवडाभर आधी, स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. मी तिथे होते. मॅनेजर हितेशही होता. ती घरचा गोडा मसाला डब्यातून घेऊन आली होती, कारण मसालेभातात दुकानाचा चालणार नव्हता. मुनीर तिला काकूच म्हणायचा. "काकू, नमक?" असं विचारून तिच्याकडून चव बघून घ्यायचा. ईदला मटणात तिनेच आधी दिलेला गोडा मसाला घालून त्याने तिला डबा पाठवला होता. आमच्या शाकाहारी काकूने तो झाकण न उघडता शेजारी दिला, पण डबा मात्र रिकामा परत न करता लाडू घालून पाठवला.

तर काकू म्हणाली, "बाराला कोणी पानावर बसत नाही. पत्रिकेकडे बघू नका. दीड धरा." त्या हिशेबाने हितेशने मुनीरला परवानगी दिली, की सकाळी मॅच बघ, साडेअकराला ये, पुऱ्या एक वाजता सोडायला घे. पुऱ्या आधी तळून ठेवता येत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिकडची दुपार म्हणजे इथली सकाळ. मी संमेलनासाठी काळी साडी नेसून पहाटेच काकांची गाडी घेऊन जर्सी सिटीला गेले, कारण अंक काढायचा तर मॅच बघायला हवी. डिश अँटेना असलेला एक कॅफे होता. आत एका बाजूला मोरोक्को, दुसऱ्या बाजूला ट्युनिशिया, दोन्ही बाजूंना लाल झेंडे, आणि मध्ये काळ्या साडीत मी. मुनीरने साडीकडे बघून पसंतीची मान हलवली. "काळा बरोबर. पांढरा कुठेय?" ट्युनिशियाचा गोल अगदी सुरुवातीला झाला. हाफ टाइमच्या आधी मोरोक्कोने बरोबरी केली आणि इद्रिस खुर्चीवर चढला. दुसऱ्या हाफमध्ये ट्युनिशियाचा दुसरा गोल झाला आणि मग उरलेला सगळा वेळ तीस-चाळीस पुरुष श्वास धरून बसले. शिट्टी झाली. इद्रिस उठला, सरळ मुनीरपाशी आला, गळ्यातला लाल स्कार्फ काढून त्याच्या गळ्यात घातला आणि निघून गेला.

आम्ही सव्वाअकराला हॉलवर पोचलो. हे मी ठासून सांगते. मुनीर सांगितलेल्या वेळेच्या आधी आला. ॲप्रन चढवला, स्कार्फ तसाच ठेवला आणि गाणं म्हणत कणकेला लागला.

त्या दिवशी पाहुण्या म्हणून पुण्याहून आलेल्या एक गायिका होत्या. त्यांच्याही हातात पत्रिका होती. त्या पुण्याच्या, छापलेलं खरं असतं अशी त्यांची समजूत. संध्याकाळी त्यांचा दुसऱ्या राज्यात कार्यक्रम होता. त्यांनी बाराच्या जेवणाचा हिशेब करून साडेबाराला गाडी बोलावली होती. त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं की आमच्याकडे बारा म्हणजे दीड. बाराला त्या गाणं थांबवून उभ्या राहिल्या आणि नम्रपणे विचारलं, पान कुठे मांडलंय?

मंडळाचे अध्यक्ष स्वयंपाकघरात धावले. मी मागोमाग गेले. पुऱ्या सुरू व्हायच्या होत्या. मुनीरने ताबडतोब कढई चढवली, जेवढं लवकर करता येतं तेवढं केलं. पण तेल माणसाच्या घाईने तापत नाही. पहिला घाणा निघाला तेव्हा बाईंची गाडी दारात आली होती. त्या एक तिळाचा लाडू तोंडात टाकून गेल्या. त्या नाराज नव्हत्या, त्यांनी हसून नमस्कार केला. नाराज झाले अध्यक्ष. पाहुणी उपाशी गेली, ती पुण्यात जाऊन काय सांगेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

कोणाचं तरी चुकलेलं असायला हवं होतं. त्यांनी मालकाला बोलावलं, पत्रिका पुढे केली. बारा छापलंय, वाचता येतं ना? मालकाने हितेशकडे पाहिलं. हितेशने क्षणभर सुधाकाकूकडे पाहिलं. ती दारात हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. मग हितेशने मुनीरकडे बोट दाखवलं. हा सकाळी मॅच बघायला गेला होता.

आणि मुनीरच्या गळ्यात तो लाल स्कार्फ. मोरोक्कोचा, हरलेल्यांचा. पण ते कोणाला कळणार?

अध्यक्ष म्हणाले, "हे लोक मॅच बघत बसतात आणि आमचे पाहुणे उपाशी जातात." मी त्यांना सांगितलं, काका, तो वेळेच्या आधी आलाय, जेवण दीडचं ठरलं होतं, काकूंनीच सांगितलंय. ते माझ्यावर खेकसले नाहीत. फक्त म्हणाले, "बाळ, तू मोठ्यांच्या मध्ये पडू नकोस." मालकाला मी हिंदीत पुन्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू तो इसके साथ पेपर निकालती है. तेरी गवाही कैसे चलेगी?"

त्यांनी त्याला सगळं वाढून होईपर्यंत काम करू दिलं. तुम्ही खाल्लेल्या पुऱ्या त्याने तळलेल्या होत्या. टम्म फुगलेल्या होत्या. नंतर मालकाने त्याला ॲप्रन काढायला सांगितलं.

घरी जाताना गाडीत काकू मागच्या सीटवर उरलेल्या वाणाच्या डब्यांमध्ये बसली होती. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, काकू, एक फोन कर मालकाला. एकच वाक्य सांग. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मग जे बोलली ते मी कधी विसरणार नाही.

"दोन वर्षांपूर्वी तुझ्या काकांची नोकरी गेली तेव्हा तू इथे नव्हतीस. व्हिसाचे दिवस संपत होते. आम्ही हे घर खोक्यांत भरलं होतं. तेव्हा अध्यक्षांनी शब्द टाकला म्हणून काकांना काम मिळालं. आता त्यांनी चारचौघांत जे सांगितलं ते खोटं, असं मी उठून म्हणू?"

मी म्हटलं, खोटं म्हणू नकोस. वेळ दीडची होती एवढंच म्हण.

"तेच ते," काकू म्हणाली.

मी तिच्यावर महिनाभर चिडून होते. आज चिडत नाही, पण तिचं बरोबर होतं असंही म्हणणार नाही. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची किंमत तिसऱ्याच माणसाने चुकती केली.

मी माझ्या धंद्याला साजेसं केलं. मराठीत पत्रक छापलं आणि गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला पार्किंगमध्ये उभी राहिले. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते घेतलं. घर विक्रीची जाहिरात समजून घेतलं, हे मला नंतर कळलं. एका काकांनी गाडीच्या काचेवरचा बर्फ त्याने पुसला. एक ताई प्रेमाने म्हणाल्या, "अगं, एवढं काय, त्याला दुसरीकडे मिळेल काम." या ताईंचे यजमान डॉटकॉमच्या पडझडीत सात महिने घरी होते. त्या हॉलमध्ये बसलेल्या किती घरांनी त्या दोन-तीन वर्षांत पिंक स्लिप पाहिली होती. शुक्रवारी दुपारी बॅज काढून घेतात, खोकं हातात देतात, कारण विचारलं तर वरून आलंय म्हणतात. तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही आम्हाला पिकनिकला बसवून त्याच्या गोष्टी सांगितल्यात. म्हणून माझा राग कमी होत नाही. जे लोक कधी काढले गेले नाहीत त्यांना मी एक वेळ माफ केलं असतं.

कमिटीच्या मीटिंगला मी गेले. अध्यक्ष म्हणाले, त्याला काढा असं आम्ही म्हटलं नाही, आम्ही फक्त तक्रार केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि पत्रिकेतली वेळ खोटी असते असं आपण बाहेरच्यांना सांगायचं? काय अब्रू राहील आपली इथे?" खोलीतल्या सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. तेवढ्यासाठी. एका हसण्यावारी न्यायच्या सवयीची अब्रू राखण्यासाठी.

मुनीरला दुसरीकडे काम मिळालं नाही. म्हणजे स्वयंपाकघरात मिळालं नाही. केटरिंगचा धंदा त्या एका ओक ट्री रोडवर एवढा आटोपशीर आहे की सोमवारी बातमी या टोकापासून त्या टोकाला पोचली होती: हा मॅचसाठी काम टाकून जातो. शेवटी इद्रिसने त्याला विमानतळाच्या पार्किंगमध्ये लावलं. काचेच्या खोक्यात बसायचं, गाड्यांचं तिकीट घ्यायचं, फळी वर करायची. स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे हात तिथे काय करणार? तो मांडीवर वर्तमानपत्र ठेवून त्याच्या घड्या घालायचा.

त्याने आपल्याला कधी शिव्या दिल्या नाहीत. मला वाटायचं, द्याव्यात. एकदा त्या खोक्याबाहेर उभी राहून मी कडकडून भांडले त्याच्याशी, की तू का चिडत नाहीस. तेव्हा तो म्हणाला, "माझ्या देशात सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. तिकडे बोललं तर पोलीस येतात, म्हणून. इथे तुमच्या काकूकडे कोण येणार होतं?"



लीग पुन्हा सुरू झाली होती. लाल-पिवळे पुन्हा जिंकले. पण त्या वर्षीचा कप, फायनलमध्ये त्याच लाल-पिवळ्यांना हरवून, मुनीरच्या गावाने, काळ्या-पांढऱ्यांनी जिंकला. मी आनंदाने त्याला फोन केला, म्हटलं, आता तर मोठा अंक काढायचा. तो म्हणाला, भावाने मला सांगितलं, पण मी लिहून घेतलं नाही. नंतर काढू. तो अंक निघाला नाही. नंतर एकही निघाला नाही. दुसऱ्या कोणाकडून निकाल मिळवून मी दोन-तीन कागद काढून पाहिले, पण ते नुसते आकडे होते आणि लोकांनी ते माझ्या मूळच्या पत्रकांसारखेच परत केले. कितीजण त्या कागदाच्या मागची बाजू वाचून उभे राहिले असते, ते मोजायला आता काही साधन नाही.

ही गोष्ट चार वर्षं जुनी आहे आणि आता का काढतेय असं तुम्ही विचाराल. कारण आता काही करता येण्यासारखं आहे.

त्याच मालकाने दुसरा हॉल बांधलाय. या हिवाळ्यात उघडतोय. स्वयंपाकघर सांभाळायला त्याला माणूस हवा आहे. मी सप्टेंबरमध्ये त्याच्याकडे गेले. त्याला मुनीर आठवत होता. तळणाला तसा हात नंतर मिळाला नाही, हेही तो स्वतःहून म्हणाला. मग घेत का नाही, मी विचारलं. तो म्हणाला, "तुम्हारे लोगों ने शिकायत की थी. तुम्हारे ही लोग बोल दें कि गलती उसकी नहीं थी, मैं कल बुला लेता हूँ."

मी सुधाकाकूला सांगितलं. काका-काकू आता दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला असतात, काकांना तिकडे नवीन नोकरी लागली. फोनवर ती म्हणाली, "तू लिही. माझं नाव घाल. वेळ मीच सांगितली होती." आणि दुसऱ्या दिवशी तिने मालकाला स्वतः फोन केला. त्याने तिचं आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आप तो अब यहाँ रहती नहीं, और लड़की आपकी भतीजी है. जिन्होंने यहाँ खाना खाया, वो बोलें.

बोलणं बरोबर आहे त्याचं. काकू एकटी उरली, आणि एकटीचं ऐकायला तो बांधील नाही.

मुनीरला मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. आपल्या भरवशावर त्याला दुसऱ्यांदा वाट बघायला लावायची माझी तयारी नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. त्या शनिवारी तुम्ही त्या हॉलमध्ये होतात. पत्रिकेत बारा छापलेलं असूनही बाराला तुमच्यापैकी कोणी पानाकडे वळलं नाही, कारण जेवण दीडला असतं हे तुम्हाला ठाऊक होतं. हॉलचा नंबर मंडळातल्या प्रत्येकाकडे आहे, तुमच्या मुलांचे वाढदिवस तिथेच होतात. हा अंक खाली ठेवा, मालकाला फोन लावा, स्वतःचं नाव सांगा, आणि म्हणा: उशीर आमच्यामुळे झाला, मुनीरला परत बोलवा.

आज करा.